मंगळवारची दुभाषी

नियम असा, की दुभाष्याने 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही.
'मी' म्हणायचं.
म्हणून वुल्व्हरहॅम्प्टनच्या त्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
मंगळवारी अकरा ते बारा
मी रूथ साळवे असते.
वय एक्केचाळीस, गाव राहुरीकडचं,
काम: म्हाताऱ्यांना न्हाऊ घालणं, भरवणं.
व्हिसा मालकाच्या हातात.

पहिल्या डॉक्टरने वजनकाट्याकडे बघून सांगितलं,
जरा कमी खा, चालत जा.
मी चालत गेले. रात्रपाळीहून, उपाशी, चार मैल,
आणि घरी येऊन उभ्या उभ्या
ब्रेडचा पुडा, कालचा भात, मग नुसती साखर.
मग नळ सोडून ठेवला,
पलीकडच्या खोलीतल्या मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून.
तीन वर्षं.

भिंतीवरच्या पत्रकात या आजाराची मुलगी आहे,
गोरी, खिडकीशी बसलेली, मनगट काडीएवढं.
"हिला झालाय, दिसतंच आहे," रूथ म्हणाली,
"मला कसा होईल?"
मी इंग्रजीत म्हणाले, मला कसा होईल.

मग शब्द अडला.
इव्हॉन विचारते, खाताना हात थांबत नाही, असं होतं का?
नेमका मराठी शब्द काय देऊ?
अधाशी ही शिवी.
वखवख तर तिने जन्मभर ऐकलेली,
पंगत उठल्यावर दाराशी थांबणाऱ्यांना म्हणतात ती.
"भस्म्या म्हणा," तीच म्हणाली, हळू.
"पण भस्म्याला खाल्लेलं अंगी लागत नाही.
माझ्या तर सगळंच लागतंय."
आणि हसली.
ते हसू कसं पोचवायचं, मला जमलं नाही.

फॉर्मवर टोस्ट किती, सीरियल किती, बटाटा किती.
सव्विसावा प्रश्न: लहानपणी घरी अन्न पुरत होतं का?
हो. नाही.
रूथने दोन्ही चौकोन मोकळे सोडले.
"पुरायचं की. दुसऱ्यांच्या घरचं यायचं ना, उष्टं."
उष्ट्याला इथे जो शब्द आहे
तो डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवतात,
त्याला कुणाची जात चिकटलेली नसते.
मला एका शब्दाला तीन वाक्यं लागली.
इव्हॉनने पेन खाली ठेवलं.
"माझी आई सेंट किट्सची. ताटात शीत राहिलं तर उठू द्यायची नाही."
हेही मी 'मी' म्हणूनच सांगितलं,
एवढ्यापुरती इव्हॉन होऊन.

मग तिने टोस्टवर काट मारली आणि विचारलं,
भाकरी म्हणजे केवढी?

रूथने बाह्या सारल्या.
फॉर्म बाजूला केला, आणि टेबलावर
थापायला लागली.
थप, थप, जरा फिरव, थप.
पीठ नव्हतं, पाणी नव्हतं,
तरी कडेला हात हलका होत गेला
आणि शेवटी तिने ती तळव्यावर उचलून धरली,
केवढी ते दाखवायला.
मी गप्प होते. माझं काम नव्हतं तिथे.

बाराला पाच कमी.
इव्हॉन म्हणाली, धाकधूक नसताना, पोटभर,
शेवटचं कधी जेवलात?
मी मराठीत विचारलं.
रूथ छताकडे बघत आठवत होती.
आणि इंग्रजीत उत्तर आलं:
मला आठवत नाही.

"मी तर अजून बोललेच नाही," रूथ म्हणाली.

एवढंच एक वाक्य
मी भाषांतर न करता ठेवून दिलं.

खाली थांब्यावर आम्ही दोघी. बसला सोळा मिनिटं.
माझ्या पिशवीत सकाळी भरलेला डबा,
रोज भरते, रोज तसाच घरी नेते.
रूथने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
"उघडा," म्हणाली. "आमचे म्हातारेही
कुणी बघत असलं की खात नाहीत."
आणि रस्त्याकडे तोंड करून
बसच्या दिशेला बघत उभी राहिली.